आंतरराष्ट्रीय जलद बुद्धिबळ स्पर्धेची तयारी कशी करावी

28 जुलै 2025 रोजी जॉर्जियातील बातुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला. अंतिम लढतीतील कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही पारंपरिक (दीर्घ वेळेचे) डाव बरोबरीत सुटले होते आणि विजेतेपदाचा निर्णय टायब्रेकच्या, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठीच्या, जलद डावांत झाला. प्रत्येकी 15 मिनिटे आणि दर चालीला 10 सेकंदांची भर, अशी त्या डावांची वेळ होती. पहिला जलद डावही बरोबरीत सुटला. दुसऱ्या डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या दिव्याने वेळेच्या कचाट्यात सापडलेल्या हंपीच्या चुकांचा फायदा घेत बाजी मारली. हंपी जलद बुद्धिबळात कच्ची आहे, असे कोणीही म्हणणार नाही. 2019 मध्ये मॉस्को येथे आणि 2024 मध्ये न्यूयॉर्क येथे तिने जागतिक जलद अजिंक्यपद पटकावले आहे. एवढ्या अनुभवी खेळाडूचाही घड्याळातील वेळ सरत आल्यावर तोल जाऊ शकतो, तर पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय मानांकन (रेटिंग) जलद स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूने घड्याळाची तयारी किती गांभीर्याने करायला हवी, हे वेगळे सांगायला नको.

जलद डाव म्हणजे पारंपरिक डावच जरा घाईने खेळायचा, अशा समजुतीने अनेक जण स्पर्धेला येतात. असे खेळाडू ओपनिंगमध्ये, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींत, पाच-सहा मिनिटे घालवतात, मध्य डावात चांगली स्थिती मिळवतात आणि अखेरच्या टप्प्यात ती हातची घालवतात. यावरचा उपाय भराभर चाली करण्याचा नाही. जितके निर्णय पटावर बसण्यापूर्वी घेता येतील तितके आधीच घेऊन ठेवावेत, म्हणजे डावात ज्या दोन-तीन जागी खरोखर विचार करावा लागतो, तिथे खर्च करायला मिनिटे शिल्लक राहतात. पुढील सर्व सूचना या एकाच सूत्राला धरून आहेत.

माहितीपत्रक नीट वाचावे

स्पर्धेत नाव देण्यापूर्वी संयोजकांचे माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचण्याची सवय फार थोड्यांना असते. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) नियमांनुसार एका खेळाडूची मूळ वेळ आणि वाढीव सेकंदांची साठपट यांची बेरीज 10 मिनिटांपेक्षा अधिक आणि 60 मिनिटांपेक्षा कमी असेल, तर तो डाव जलद प्रकारात मोडतो. त्यामुळे 10 मिनिटे व 5 सेकंदांची स्पर्धा जलद आणि 25 मिनिटे व 10 सेकंदांची स्पर्धाही जलदच, पण या दोन्हींची तयारी अगदी वेगळी होते. जागतिक जलद अजिंक्यपद स्पर्धेची वेळ 15 मिनिटे आणि 10 सेकंद अशी असते. आपल्या स्पर्धेची नेमकी वेळ कळल्याच्या दिवसापासून सरावाचे सर्व डाव त्याच वेळेने खेळावेत.

स्पर्धा फिडेच्या मानांकनासाठी पाठवली जाणार असेल, तर खेळाडूकडे फिडे क्रमांक असणे आवश्यक आहे. भारतीय खेळाडूंना तो अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाच्या नोंदणीतून मिळतो आणि ही नोंदणी चालू वर्षासाठी वैध आहे ना, हे आधीच तपासावे; आदल्या रात्री धावपळ करण्यात अर्थ नाही. फिडे पारंपरिक, जलद आणि अतिजलद अशी तीन स्वतंत्र मानांकने देते, त्यामुळे जलद स्पर्धेतील निकालाचा पारंपरिक मानांकनावर काहीही परिणाम होत नाही. मुलाचे पारंपरिक मानांकन घसरेल म्हणून जलद स्पर्धा टाळणाऱ्या पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावे. ग्रँडमास्टर किंवा इंटरनॅशनल मास्टर किताबांचे नॉर्म (किताबासाठी लागणारी ठरावीक कामगिरी) मात्र जलद स्पर्धेतून मिळत नाहीत. ज्याला अद्याप जलद मानांकन नाही, त्याला मानांकित प्रतिस्पर्ध्यांशी किमान 5 डाव खेळावे लागतात आणि ते एकाच स्पर्धेत पूर्ण झाले पाहिजेत असे बंधन नाही.

माहितीपत्रकातील आणखी चार गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात: उशिरा आलेल्या खेळाडूला किती मिनिटांची सवलत आहे, फेरी चुकवायची असल्यास अर्ध्या गुणाचा बाय (न खेळता मिळणारी सुट्टी) मिळतो का, सारखे गुण झाल्यास लावायच्या टायब्रेकचा क्रम काय आहे आणि पोशाखाबाबत काही नियम आहे का. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण न्यूयॉर्कमधील 2024 च्या जागतिक जलद स्पर्धेत जीन्स घालून आलेल्या माजी जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनला दंड झाला, त्याच दिवशी कपडे बदलायला त्याने नकार दिल्यावर नवव्या फेरीत त्याची जोडी लावली गेली नाही आणि पुढे त्याने जलद स्पर्धेतून माघार घेतली. त्या नियमाबद्दल मतभेद असू शकतात. मात्र तो आधीपासून कागदावर होता आणि वाद फेऱ्यांच्या मधल्या वेळेत उद्भवला. ज्या स्पर्धेत दोन फेऱ्यांमध्ये जेमतेम दहा-पंधरा मिनिटे मिळतात, तिथे असा वाद कोणालाच परवडत नाही.

पंधरा मिनिटांचा हिशोब

15 मिनिटे अधिक 10 सेकंद या वेळेने 60 चालींचा डाव खेळला, तर प्रत्येक खेळाडूला एकूण 25 मिनिटे मिळतात. 40 चालींसाठी हा आकडा 21 मिनिटे 40 सेकंद होतो. म्हणजे सरासरी काढली तर एका चालीला साधारण अर्धा मिनिट येतो, पण सरासरीने खेळणे हीच मोठी चूक आहे, कारण परत मारण्याची उघड चाल आणि प्याद्यांची रचना कायमची बदलणारी चाल यांना सारखा वेळ देण्यात काहीच शहाणपण नाही.

त्याऐवजी टप्प्यांचा अंदाज मनात ठेवावा. दहावी चाल झाल्यावर घड्याळात साडेतेरा मिनिटांच्या आसपास वेळ असावी. दर चालीचे 10 सेकंद मिळत असल्याने याचा अर्थ पहिल्या दहा चालींवर आपण तीन मिनिटांहून थोडी अधिक वेळ खर्च केली आहे. विसाव्या चालीला 9 मिनिटे, तिसाव्या चालीला 5 मिनिटे आणि चाळिसाव्या चालीला 3 मिनिटे शिल्लक असतील, तर डाव आटोक्यात आहे असे समजावे. या आराखड्यात अकराव्या ते तिसाव्या चालीपर्यंत दर चालीला सरासरी 35 सेकंद येतात. त्यातून दोनदा किंवा तीनदा दीड-दोन मिनिटांचा विचार सहज करता येतो, पण उरलेल्या चाली दहा-वीस सेकंदांत झाल्या तरच. एका चालीवर तीन मिनिटांपेक्षा अधिक वेळ घालवू नये, अशी मर्यादा स्वतःवर घालून घ्यावी. तीन मिनिटांत दोन पर्यायांतून निवड झाली नसेल, तर दोन्ही पर्याय बहुधा खेळण्याजोगे असतात आणि त्यांतला अधिक सुरक्षित निवडून पुढे जावे.

प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत विचार करणे ही जलद डावातली सर्वात मोठी कमाई आहे. त्याचे घड्याळ चालू असताना नेमक्या चालींची गणिते मांडत बसण्यापेक्षा ढोबळ प्रश्न विचारावेत: माझा कोणता मोहरा निष्क्रिय आहे, कोणती देवाणघेवाण मला हवी आहे, त्याची धमकी काय असू शकते. आपली पाळी आली की मग नेमकी गणिते करावीत. खुर्चीवरून उठून शेजारचे पट पाहत फिरणे पारंपरिक डावात चालून जाते. जलद डावात तो वेळ सरळसरळ वाया जातो.

वेळेच्या तंगीचा सराव स्वतंत्रपणे करावा लागतो. आपल्या जोडीदाराबरोबर एखाद्या साध्या मध्य डावाच्या स्थितीपासून सुरुवात करावी, घड्याळावर दोघांनाही फक्त एक मिनिट व 10 सेकंदांची भर ठेवावी आणि डाव शेवटपर्यंत न्यावा. दहा सेकंद हा काळ वाटतो तितका तोकडा नाही. शह, मार आणि उघडा पडलेला मोहरा एवढ्या तीन गोष्टी पाहून चाल करायला तो पुरतो. शांत डोक्याने तेवढेच पाहायचे, हे मात्र सवयीनेच जमते. लिचेस आणि चेस डॉट कॉम या दोन्ही ठिकाणी 15 मिनिटे व 10 सेकंदांचे डाव ऑनलाइन मिळतात आणि त्यांचा उपयोगही होतो. पण पडद्यावर खेळणाऱ्याला घड्याळ दाबावे लागत नाही, मोहरा सांडत नाही आणि बेकायदा चाल करताच येत नाही. स्पर्धेच्या आधीच्या दोन आठवड्यांत तरी निम्मे सराव डाव खऱ्या पटावर, खऱ्या घड्याळासह खेळावेत.

ओपनिंग आणि एंडगेम

पुढच्या फेरीचा प्रतिस्पर्धी कोण हे फेरी सुरू होण्याच्या थोडाच वेळ आधी कळते, त्यामुळे व्यक्तीनुसार ओपनिंगची तयारी करण्याची संधी जवळजवळ नसते. पांढऱ्या मोहऱ्यांनी एक आणि काळ्या मोहऱ्यांनी राजासमोरच्या प्याद्याला एक व वजिरासमोरच्या प्याद्याला एक, अशी तीनच उत्तरे पक्की करावीत. इटालियन किंवा लंडन, कॅरो-कान, स्लाव्ह अशा पद्धती जलद डावाला सोयीच्या पडतात, कारण त्यांत चालींचा क्रम थोडा पुढेमागे झाला तरी मोहऱ्यांच्या जागा ठरलेल्या असतात. प्रत्येक पद्धतीतून निर्माण होणारी प्याद्यांची रचना, त्या रचनेत कोणते प्यादे कधी पुढे ढकलायचे आणि कोणता उंट बदलून घ्यायचा, एवढे समजले की पहिल्या दहा चाली तीन मिनिटांत होतात. स्पर्धेला आठवडा उरलेला असताना नवी ओपनिंग शिकायला घेणे मात्र निव्वळ नुकसानीचे आहे.

एंडगेमकडे, म्हणजे मोजकेच मोहरे उरलेल्या अखेरच्या टप्प्याकडे, तरुण खेळाडू दुर्लक्ष करतात आणि जलद स्पर्धेत सर्वाधिक अर्धे गुण तिथेच सांडतात. दर चालीला 10 सेकंद मिळत असल्याने ज्याला पद्धत पाठ आहे तो जिंकतो आणि ज्याला ती पटावर शोधावी लागते तो बरोबरीवर समाधान मानतो. राजा व प्याद्याच्या एंडगेममधील ऑपोझिशन (समोरासमोरच्या राजांनी एकमेकांची वाट अडवणे), हत्तीच्या एंडगेममधील लुसेना (जिंकून देणारी) आणि फिलिडोर (बरोबरी साधून देणारी) स्थिती, सातव्या पंक्तीवर पोहोचलेल्या प्याद्याविरुद्ध वजीर, आणि त्यात प्यादे हत्तीच्या किंवा उंटाच्या स्तंभावर असेल तर बरोबरी कशी साधते, एवढे विषय न थांबता खेळून दाखवता आले पाहिजेत. लुसेना स्थिती पुस्तकात समजणे आणि घड्याळात चाळीस सेकंद असताना हत्ती चौथ्या पंक्तीवर नेऊन पूल बांधणे (हत्ती आड घालून शह रोखणे) यांत बरेच अंतर आहे. ते अंतर मिटेपर्यंत ही स्थिती दोन्ही बाजूंनी पुन्हा पुन्हा खेळावी.

नियम डोक्यात आणि हातातही हवेत

जलद स्पर्धेत एका पंचाकडे अनेक पट असतात. पंचांच्या नजरेतून बेकायदा चाल सुटली आणि प्रतिस्पर्ध्याने आपली पुढची चाल करण्याआधी आक्षेप घेतला नाही, तर ती चाल तशीच कायम राहते आणि डाव पुढे चालू होतो. म्हणून नियमांची माहिती हा खेळाडूच्या कौशल्याचाच भाग आहे आणि पंच पाहून घेतील या भरवशावर कोणी बसू नये.

बेकायदा चाल घड्याळ दाबल्यावर पूर्ण झाली असे मानले जाते. जलद डावात पहिल्या बेकायदा चालीला प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे जादा मिळतात आणि त्याच खेळाडूने दुसऱ्यांदा तशी चाल केल्यास तो डाव हरतो. (प्रतिस्पर्ध्याकडे शक्य अशा कोणत्याही चालींनी मात करण्याइतके बळच नसेल, तर डाव बरोबरीत सुटतो.) बेकायदा चाल म्हणजे केवळ शहात राजा ठेवणे, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात चाल न करताच घड्याळ दाबणे, आणि कॅसलिंग (राजा व हत्ती एकाच चालीत हलवणे), मार किंवा बढती (शेवटच्या पंक्तीवर पोहोचलेल्या प्याद्याच्या जागी वजीर वा दुसरा मोहरा ठेवणे) करताना दोन्ही हात वापरून मग घड्याळ दाबणे, यांनाही तीच शिक्षा आहे. ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचे असते. कॅसलिंग करताना आधी राजा उचलावा. आधी हत्तीला आणि मग राजाला हात लावला तर त्या बाजूचे कॅसलिंग करता येत नाही. प्रतिस्पर्ध्याने राजा शहात ठेवून घड्याळ दाबले, तर उत्साहाच्या भरात त्याचा राजा मारू नये. घड्याळ थांबवावे, हात वर करावा आणि पंचांना बोलवावे.

प्याद्याच्या बढतीचा प्रसंग मुद्दाम तपशिलाने सांगतो, कारण तिथे अनेक सुंदर डाव फुकट गेले आहेत. 2017 च्या कॅनडा राष्ट्रीय स्पर्धेत बातोर सांबुएव आणि निकोलाय नोरित्सिन यांच्यात विजेतेपदाचा टायब्रेक डाव चालू होता. नोरित्सिनचे प्यादे शेवटच्या पंक्तीवर पोहोचले, पण त्याचा मारला गेलेला वजीर पटाशेजारी दिसेना, कारण तो सांबुएवच्या हातात होता. नोरित्सिनने हत्ती उलटा ठेवून वजीर असे म्हटले आणि खेळ पुढे सुरू ठेवला. पंचांनी हस्तक्षेप करून तो हत्तीच असल्याचा निर्णय दिला आणि अखेरीस विजेतेपद सांबुएवला मिळाले. नियम त्याबाबतीत स्पष्ट आहे: उलटा ठेवलेला हत्ती हा हत्तीच असतो. त्यामुळे प्यादे सहाव्या पंक्तीवर पोहोचले की आपला वजीर टेबलावर कुठे आहे हे पाहून ठेवावे. तो नसेल तर बढतीच्या वेळी घड्याळ थांबवून पंचांकडून वजीर मागून घेण्याचा पूर्ण अधिकार खेळाडूला आहे. घड्याळ थांबवण्याची परवानगी नियम ज्या मोजक्या कारणांसाठी देतात, त्यांत याचा नावाने उल्लेख आहे. बढती एकाच हाताने करावी, म्हणजे प्यादे उचलून बाजूला ठेवावे, त्याच हाताने वजीर घरात ठेवावा आणि त्याच हाताने घड्याळ दाबावे. प्यादे आठव्या पंक्तीवर तसेच ठेवून घड्याळ दाबले, तर ती बेकायदा चाल ठरते, प्याद्याच्या जागी वजीर ठेवला जातो आणि प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे मिळतात. सराव डावांत ही कृती इतक्या वेळा करावी की ती विचार न करता झाली पाहिजे.

जलद डावात चाली लिहिणे बंधनकारक नाही, त्यामुळे एकच स्थिती तिसऱ्यांदा आल्याचा दावा सिद्ध करणे कठीण जाते. दावा करायचा असेल तर तिसऱ्यांदा ती स्थिती आणणारी चाल पटावर करण्यापूर्वी घड्याळ थांबवून पंचांना ती चाल सांगावी. प्रतिस्पर्ध्याच्या चालीने ती स्थिती आली असेल तर कोणत्याही मोहऱ्याला हात लावण्यापूर्वी दावा करावा. दावा चुकीचा ठरला तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे जादा मिळतात. पाच वेळा तीच स्थिती आल्यास किंवा प्रत्येकी 75 चालींत मार वा प्याद्याची चाल न झाल्यास मात्र दाव्याची गरज उरत नाही, डाव आपोआप बरोबरीत सुटतो. बरोबरीचा प्रस्ताव द्यायचा असेल तर आधी चाल करावी, मग प्रस्ताव द्यावा आणि त्यानंतर घड्याळ दाबावे. प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत वारंवार प्रस्ताव देणे हे त्याला त्रास देण्यात मोडते.

प्रतिस्पर्ध्याची वेळ संपली आहे हे लक्षात आले, तर घड्याळ थांबवून पंचांना सांगावे. त्यासाठी आपल्या वेळेइतकीच त्याच्या वेळेवरही नजर हवी. घाईत मोहरे सांडले, तर ते सांडणाऱ्यानेच आपल्या वेळेत पुन्हा जागेवर ठेवायचे असतात. सांडलेले तसेच ठेवून घड्याळ दाबणाऱ्याबद्दल तक्रार करताना संकोच करू नये. मोबाइल आणि स्मार्ट घड्याळ खेळण्याच्या दालनाबाहेर, घरच्या माणसाकडे ठेवणे उत्तम. पिशवीत बंद करून ठेवण्याची मुभा काही स्पर्धांत असते, पण ती आहे का हे माहितीपत्रकात पाहावे.

फेऱ्या, गुण आणि टायब्रेक

या स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. पहिल्या फेरीत मानांकनानुसार लावलेल्या यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्या भागाशी खेळतो, म्हणजे 100 खेळाडू असतील तर पहिल्या क्रमांकाचा खेळाडू 51 व्या क्रमांकाच्या खेळाडूशी. त्यापुढे शक्यतो सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लागतात आणि एकाच प्रतिस्पर्ध्याशी पुन्हा गाठ पडत नाही. म्हणून नवख्या खेळाडूने पहिल्या फेरीत आपल्यापेक्षा बराच वरचा प्रतिस्पर्धी आला म्हणून खचून जाऊ नये. पद्धतीनेच तो दिलेला असतो आणि पुढच्या फेऱ्यांत बरोबरीचे प्रतिस्पर्धी मिळू लागतात.

पहिल्या फेरीतील पराभवाने स्पर्धा संपत नाही, याचे ताजे उदाहरण हंपीचेच आहे. न्यूयॉर्कमध्ये 2024 साली तिने सलामीचा डाव गमावला आणि तरीही 11 फेऱ्यांत 8.5 गुण मिळवून जागतिक विजेतेपद जिंकले. तीन दिवस चालणाऱ्या त्या स्पर्धेत पराभवानंतरच्या फेरीत कसे बसायचे, हे तिला ठाऊक होते. आपल्यालाही ते आधी ठरवून ठेवता येते: हरल्यानंतर दालनाबाहेर पडावे, पाणी प्यावे, चार पावले चालावे आणि पुढच्या डावात नेहमीचीच ओपनिंग खेळावी. दोन फेऱ्यांच्या मध्ये मोबाइलवर संगणकाचे मूल्यमापन पाहणे मला अत्यंत घातक वाटते. हातातून निसटलेली मात दिसली की मन मागच्याच डावात अडकते, आणि पुढचा डाव सुरू व्हायला दहा मिनिटे असतात. पालकांनीही त्या दहा मिनिटांत निकालाची चौकशी करण्यापेक्षा केळे आणि पाण्याची बाटली पुढे करावी. दुपारचे जेवण भरपेट नको. त्यानंतरच्या फेरीत जडपणा येतो आणि त्याची किंमत पटावर मोजावी लागते.

बरोबरीबद्दलही आधीच विचार करून ठेवावा. विश्वनाथन आनंदने 48 व्या वर्षी, 2017 मध्ये रियाध येथे जागतिक जलद विजेतेपद मिळवले ते 15 फेऱ्यांत एकही डाव न हरता, 6 विजय आणि 9 बरोबरींसह 10.5 गुण मिळवून आणि नंतर व्लादिमीर फेदोसेयेवला टायब्रेकमध्ये नमवून. थकलेल्या फेरीत समान स्थितीतून घेतलेला अर्धा गुण मोलाचा असतो, हे त्यावरून दिसते. पण शिकणाऱ्या खेळाडूंनी दहाव्या-बाराव्या चालीलाच हस्तांदोलन करण्याची सवय लावून घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. अनुभव मिळवण्यासाठी भरलेले शुल्क आणि घालवलेला दिवस अशा डावांत वाया जातो.

सारखे गुण झाल्यास क्रम टायब्रेकने ठरतो. बुखोल्झ म्हणजे आपण ज्यांच्याशी खेळलो त्या सर्वांच्या गुणांची बेरीज; त्यातील सर्वात कमी गुण वगळून केलेली बेरीज बऱ्याच स्पर्धांत आधी पाहिली जाते. 2021 च्या वॉर्सा येथील जागतिक जलद स्पर्धेत नोदिरबेक अब्दुसत्तोरोव, इयान नेपोम्नियाश्ची, मॅग्नस कार्लसन आणि फाबियानो कारुआना या चौघांचे 13 फेऱ्यांत प्रत्येकी 9.5 गुण झाले. त्या वर्षीच्या नियमानुसार टायब्रेकमधील पहिल्या दोघांनाच निर्णायक डाव खेळायला मिळाले. कार्लसन आणि कारुआना बाहेर राहिले, आणि 17 वर्षांचा अब्दुसत्तोरोव नेपोम्नियाश्चीला हरवून जगज्जेता झाला. शेवटच्या फेरीआधी चेस-रिझल्ट्स या संकेतस्थळावर आपला टायब्रेक कुठे आहे हे पाहून ठेवावे. बक्षिसासाठी विजयच हवा की बरोबरी पुरेशी आहे, हा निर्णय डावाच्या मधोमध घ्यायचा नसतो. टायब्रेक कमकुवत असेल तर बरोबरीने बहुधा काही हाती लागत नाही आणि मग थोडी धोकादायक वाट धरण्यात गैर काही नाही.

प्रत्येक डाव संपला की मोहरे जागेवर लावावेत, निकाल दोघांनी मिळून पंचांना कळवावा आणि पुढच्या फेरीच्या जोड्या लागण्यापूर्वी तो यादीत बरोबर चढला आहे ना, हे पाहावे. निकाल उलटा नोंदला गेल्याचे प्रकार गर्दीच्या स्पर्धांत घडतात. पुढची फेरी सुरू झाल्यावर त्यांची दुरुस्ती अवघड होते.

स्पर्धेच्या दिवशी रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, आठवणीतून सर्व डाव वहीत उतरवावेत. चाली लिहिलेल्या नसल्याने हे काम लांबणीवर टाकले की डाव कायमचे विसरले जातात. पूर्ण डाव आठवला नाही तरी पहिल्या पंधरा चाली आणि जिथे डाव फिरला ती स्थिती बहुधा आठवते. प्रत्येक डावासमोर त्या स्थितीत घड्याळात किती मिनिटे होती हेही लिहावे. संगणकाची मदत त्यानंतर घ्यावी. फिडेची नवी मानांकन यादी दर महिन्याच्या 1 तारखेला प्रसिद्ध होते; आपल्या नावापुढे आलेले डाव आणि गुण यांची चेस-रिझल्ट्सवरील नोंदींशी पडताळणी करावी आणि तफावत आढळल्यास लगेच स्पर्धेच्या मुख्य पंचांशी संपर्क साधावा.